सहा प्लाप्पर्टांची मजुरी

हेरमान क्ले हा ऱ्हाईन नदीकाठच्या आल्सास प्रांतातल्या म्यूलहाउझन शहरात पिठाच्या चक्कीवरचा गडी. मालकाशी त्याचं बिनसलं, त्यानं काम सोडलं आणि राहिलेल्या मजुरीपोटी सहा प्लाप्पर्ट मागितले. प्लाप्पर्ट हे वरच्या ऱ्हाईनच्या पट्ट्यात चालणारं चांदीचं किरकोळ नाणं. सोन्याच्या एका गुल्डेनला असे वीस-पंचवीस मिळत. म्हणजे मागणी होती पाव गुल्डेनच्या आसपासची. ती पुरी झाली नाही. शहरात दाद लागेना, तेव्हा क्लेनं आपलं येणं पेटर फॉन रेगिसहाइम या जवळच्या उमरावाच्या हवाली केलं, आणि १४६६च्या वसंतात त्या उमरावानं सहा प्लाप्पर्टांसाठी अख्ख्या शहराशी रीतसर वैर पुकारलं. इतिहासात या प्रकरणाचं नावच 'सहा प्लाप्पर्टांचं युद्ध' असं पडलं आहे. ५ जानेवारी १४७७ रोजी नान्सीच्या बर्फात बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स मरून पडला, तिथपर्यंत या भांडणाचा एक धागा पोचतो.

मला खुपतो तो हा गडी. म्यूलहाउझन जर्मन साम्राज्याच्या सम्राटाखेरीज कुणालाही धनी न मानणारं शहर होतं. त्याला स्वतःचा तट होता, स्वतःची नगरसभा, स्वतःचं न्यायासन आणि स्वतःची मोहर होती. १३५४ पासून आल्सासमधल्या दहा शहरांच्या संघात ते सामील होतं. माणसाला न्यायासाठी कुण्या सरदाराचा उंबरा झिजवावा लागू नये, याचसाठी तर अशी शहरं तीनशे वर्षं झगडली. आणि त्याच शहरातल्या कष्टकऱ्याला पाव गुल्डेनसाठी सरदाराच्याच दारात उभं राहावं लागलं. याचा उलगडा हवा असेल तर नागरी हक्क नावाची वस्तू नेमकी कशाची बनली होती, ते हातात घेऊन बघावं लागतं.

स्पायर शहरापासून सुरुवात करतो, कारण तिथं हा हक्क सोन्याच्या अक्षरांत लिहिलेला होता. सम्राट चौथा हेन्री ११०६ मध्ये वारला तेव्हा तो धर्मबहिष्कृत होता आणि त्याच्या विरुद्ध बंड केलेलं होतं ते त्याच्या पोटच्या पोरानं. बहिष्कृताला पवित्र भूमीत जागा नाही, म्हणून बापाची शवपेटी स्पायरच्या कॅथीड्रलला लागून असलेल्या, अजून अभिषेक न झालेल्या छोट्या प्रार्थनाघरात पाच वर्षं पडून होती. ११११च्या ऑगस्टमध्ये बहिष्कार उठला, दफन झालं आणि त्याच आठवड्यात मुलानं, पाचव्या हेन्रीनं, स्पायरच्या रहिवाशांना सनद दिली. तोवर रीत अशी होती की बांधील माणूस मेला की त्याच्या मिळकतीतला एक हिस्सा धनी उचलून नेई. घरात प्रेत असताना दारात धन्याचा कारभारी उभा. सनदेनं ही रीत मोडली. शहराचं नाणं नागरिकांच्या सामाईक संमतीशिवाय हलकं करायचं नाही, हेही तिच्यात आलं. बदल्यात काय मागितलं? बापाच्या पुण्यतिथीला सगळ्यांनी रात्रीच्या प्रार्थनेला आणि मिसाला यायचं, हातात मेणबत्त्या धरायच्या आणि घरटी एक पाव गरिबांना द्यायचा. हा मजकूर सम्राटाच्या प्रतिमेसह कॅथीड्रलच्या दारावर सोन्याच्या अक्षरांत लावला गेला. आज ती अक्षरं तिथं नाहीत. पण जर्मन भूमीतल्या नागरी स्वातंत्र्याच्या पहिल्या मोठ्या कागदांपैकी एक असा आहे, की त्यात एका मुलाचं प्रायश्चित्त, हजारोंचा वारसाहक्क आणि घरटी एक पाव एकाच चर्मपत्रावर आले आहेत. मला तो कागद विलक्षण प्रिय आहे, आणि तो देणाऱ्याविषयी मात्र मनात काडीचं प्रेम नाही.

शहराची हवा माणसाला मुक्त करते, हे वाक्य बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. जुन्या सनदांमध्ये हवा नाही, मुदत आहे. एक वर्ष आणि एक दिवस. सॅक्सन कायद्याच्या टापूत ती प्रत्यक्षात एक वर्ष, सहा आठवडे आणि तीन दिवस अशी मोजली जाई, कारण न्यायसभा दर सहा आठवड्यांनी भरे आणि तीन दिवस चाले. धन्याला दावा लावण्याची शेवटची संधी हुकू नये एवढी ती वाढीव सवलत. पळून आलेला कुळवाडी इतके दिवस शहरात उघडपणे राहिला आणि कुणी त्याच्यावर दावा लावला नाही, तर तो सुटला. मुदतीच्या आत धनी आला तर? फ्रायबुर्ग आणि बर्न यांच्या नगरकायद्यांत धन्यावर पुराव्याचं ओझं आहे: त्या माणसाचे सात जवळचे नातलग आणायचे आणि तो बांधील कुळातला आहे हे त्यांच्याकडून शपथेवर वदवून घ्यायचं. या कलमापाशी मी नेहमी थबकतो. नातलग मागे गावातच राहिलेले, त्याच धन्याच्या जमिनीवर, त्याच्याच मर्जीवर. त्यांना शहराच्या न्यायासनापुढे आणून उभं करायचं आणि सुटू पाहणाऱ्या भावाविरुद्ध बोलायला लावायचं. सातजण जमवणं धन्याला जड जाई, म्हणून हे कलम शहराच्या बाजूचं. पण ज्यांना बोलावं लागलं असेल त्यांचं पुढचं आयुष्य कसं गेलं असेल?

मुदत भरली म्हणजे माणूस बांधील राहिला नाही, एवढंच. तो नागरिक झाला असं नाही. नागरिकत्वासाठी नगरसभेपुढे जावं लागे. मागून कुठल्या धन्याचा दावा येणार नाही ना, कुणाशी चालू वैर नाही ना, हे विचारलं जाई. मग शुल्क, बऱ्याच शहरांत आगीसाठी कातड्याची बादली, पहाऱ्यासाठी स्वतःचं शस्त्र आणि चिलखत, जामीनदार, आणि शेवटी शपथ. नाव नागरिकांच्या वहीत चढे. पुढे कर, तटावरचा पहारा, मोहिमेची हाक. चक्कीवरचे गडी, मोलकरणी, शिकाऊ पोरं, रोजंदारीवरची माणसं यांतल्या बहुतेकांना हे परवडणारं नव्हतं. ते तटाच्या आत राहत, शहराच्या कायद्याखाली येत, शहराचे हुकूम पाळण्याची शपथही घेत, पण वहीत त्यांची नावं नसत. मोठ्या शहरांतही तटाआडच्या लोकांपैकी पुष्कळजण असे होते. क्लेची जागा या माणसांमध्ये.

उलट दिशेनं मात्र वही फार उदार होती. तटाबाहेर, थेट धन्याच्या जमिनीवर राहूनही शहराचं नागरिकत्व घेता येई. अशा माणसांना 'फाल्बुर्गर' म्हणत. शहराला त्यातून कर आणि माणूसबळ मिळे, शेतकऱ्याला ढाल मिळे, आणि सरदाराच्या डोळ्यांदेखत त्याची रयत जागा न सोडता त्याच्या हातून निसटे. सरदारांचा सगळ्यात मोठा राग यावर होता. १३५६च्या सुवर्णमुद्रांकित फर्मानात सम्राट चौथ्या कार्लनं हे बंद केलं. त्याचं १६वं प्रकरण सांगतं की ज्यांना शहराचे हक्क हवेत त्यांनी खरोखर शहरात जावं, तिथं कायम राहावं, खोटी नव्हे तर खरी चूल पेटती ठेवावी आणि शहराचा बोजा उचलावा. कायद्यानं नागरिक ओळखायचा तो चुलीवरून! आधीचंच १५वं प्रकरण शहरांनी आपापसांत जूट करण्यावर बंदी घालतं. शांतता राखण्यासाठी केलेले करार तेवढे वगळून. आणि १७वं प्रकरण वैर पुकारणाऱ्यानं तीन दिवस आधी रीतसर कळवलं पाहिजे असं बजावतं. ही तीन प्रकरणं सलग वाचली की शहरांचं अख्खं दुखणं समोर येतं: माणसं घेऊ नका, एकत्र येऊ नका, आणि तुमच्यावर चालून येणाऱ्यानं फक्त तीन दिवसांची सूचना दिली की पुरे.

या फर्मानाला बर्न फारसं आवरता आलं नाही. बर्ननं बाहेरच्या नागरिकासाठी 'ऊडेल' नावाची सोय काढलेली होती. ज्याला नागरिक व्हायचं त्यानं शहरातल्या एखाद्या घरावर ठरावीक रकमेचा हिस्सा आपल्या नावे नोंदवायचा. घर विकत घ्यायची गरज नाही, राहायची तर नाहीच. तो हिस्सा म्हणजे शहरापाशी ठेवलेलं तारण. बाहेरचा नागरिक हाकेला आला नाही किंवा शपथ मोडली, तर शहर त्या हिश्शावर हात टाके. एकाच घरावर अनेकांचे हिस्से चढलेले असत, घरमालक वेगळाच. या नोंदींच्या वह्या १३८९ पासूनच्या आहेत. खऱ्या चुलीच्या जागी चुलीचा हिस्सा ठेवून बर्ननं खोऱ्याखोऱ्यांतली माणसं, मठ आणि उमरावसुद्धा आपल्या वहीत ओढले, आणि शहराचं राज्य उभं केलं.

शहरांच्या आपापसातल्या करारांचं शरीरही असंच तपशिलात पाहण्यासारखं आहे. १२५४ मध्ये माइन्झ आणि वोर्म्सनी सुरू केलेल्या ऱ्हाईन संघात बघता बघता सत्तरच्या आसपास शहरं आली, तीन आर्चबिशप आले, आणि नदीवर वाटेल तिथं उभे राहिलेले जकातीचे नाके हटवायला त्यांनी हात घातला. १२५७ मध्ये राजाच्या निवडणुकीत दोन राजे निघाले आणि दोन बाजूंना ओढली जाऊन ती जूट मोडली. पण कराराचा साचा राहिला. मुदत असे, दहा वर्षं, पाच वर्षं, कधी त्याहून कमी. मग वगळलेल्यांची यादी: सम्राट, आधीचे करार, अमुक सरदार, त्यांच्याविरुद्ध मदत मागायची नाही. मदत मागणाऱ्यानं शपथेवर सांगायचं की अन्याय झाला. मग कुणी किती भाले पाठवायचे. एक भाला म्हणजे चिलखती घोडेस्वार आणि त्याच्याबरोबरची एक-दोन माणसं. खर्च कुणाचा, लूट कशी वाटायची, आपसांतल्या तंट्यात लवाद कोण. शेवटी मानाच्या क्रमानं लोंबणाऱ्या मेणाच्या मोहरा. करार कुठं फसणार हे बहुतेक वेळा वगळलेल्यांच्या यादीतच दिसतं. यादी लांब असली की ज्याच्याकडून खरा धोका आहे तोच नेमका तिच्यात सापडतो.

दुसरी अडचण दूतांची. संघाच्या बैठकीला आलेल्या दूताला स्वतःहून 'हो' म्हणायचा अधिकार सहसा नसे. तो प्रश्न घरी नेई, नगरसभा चर्चा करी, तो उत्तर घेऊन परत येई. चौदा शहरं, चौदा फेऱ्या. सरदार घोड्यावर बसून निघे तेव्हा त्याला विचारायला कुणी नसे.

तरी १३७६ मध्ये हे जमलं. चौथ्या कार्लला आपला मुलगा वेन्झेल राजा म्हणून निवडून आणायचा होता, निवडणाऱ्या राजेलोकांचे हात ओले करायला पैसा हवा होता, आणि तो उभा करायचा मार्ग होता थेट त्याच्या अखत्यारीतली शहरं गहाण टाकणं. गहाण पडलेलं शहर म्हणजे सरदाराच्या खिशातलं शहर. सोडवून घ्यायला पैसा कधी येत नसे. मुलगा जूनमध्ये निवडून आला आणि ४ जुलै १३७६ ला उल्मच्या पुढाकारानं नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबिया प्रांतातल्या चौदा शहरांनी संघ केला: उल्म, कॉन्स्टान्स, रॉयटलिंगेन, रॉटवाइल, मेमिंगेन, बीबेराख आणि इतर. काही तर अगदी चिमुकली, इझ्नी किंवा वांगेन यांच्यासारखी. सम्राटानं स्वतः येऊन उल्मला वेढा घातला. शहर पडलं नाही. पुढल्या मे महिन्यात रॉयटलिंगेनच्या तटाबाहेर व्युर्टेमबेर्गच्या काउंटचा मुलगा उलरिख हरला, त्याचे कितीतरी सरदार पायी लढणाऱ्या शहरी लोकांनी कापले, आणि महिनाअखेरीस सम्राटानं शहरांना कायद्याबाहेर टाकणारा आपला बहिष्कार उठवला.

वेढ्याच्या काळात उल्मच्या लोकांना एक गोष्ट फार जाचली होती. त्यांचं मुख्य चर्च तटाबाहेर, शेतांपलीकडे होतं. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं तिकडे. आणि मधे शत्रूचा तळ. म्हणून लढाईला दोन महिने व्हायच्या आत, ३० जून १३७७ ला, त्यांनी तटाच्या आत नवं चर्च बांधायला घेतलं. बिशपचा नाही, राजाचा नाही, नागरिकांचा पैसा. शहराची वस्ती दहा हजारांच्या घरात, आणि आखलेली इमारत तिच्या दुप्पट माणसं उभी राहतील एवढी. पायाभरणीचं एक दगडी शिल्प आत आहे: नगराध्यक्ष लुट्स क्राफ्ट आणि त्याची बायको दोघं मिळून चर्चची छोटी प्रतिकृती खाली वाकलेल्या गवंडीप्रमुखाच्या पाठीवर ठेवतायत. नवराबायको नीटनेटक्या कपड्यांत, तोल सांभाळत. ओझं खालच्याच्या पाठीवर. जुन्या चर्चचे कोरलेले दरवाजे सोडवून आणून नव्यात बसवले गेले. त्याचा १६१ मीटर उंचीचा मनोरा पुरा झाला १८९० मध्ये.

या शहरांचा अभिमान वाटत असतानाच एक कागद आडवा येतो.

जून १३८५ मध्ये याच संघाच्या शहरांनी राजा वेन्झेलशी उल्ममध्ये सौदा केला. राजाला ४०,००० गुल्डेन द्यायचे, आणि बदल्यात शहरांत राहणाऱ्या ज्यू सावकारांची येणी शहरांच्या ताब्यात. कर्ज वर्षाच्या आतलं असेल तर व्याज माफ. जुनं असेल तर मुद्दल आणि व्याज मिळून एक रक्कम धरायची, तिच्यातला चौथा हिस्सा सोडायचा आणि उरलेली वसूल करायची, शहरानं, स्वतःसाठी. ज्यूंना त्यासाठी अटकेत ठेवण्यात आलं. नऊ वर्षांपूर्वी आपल्याला गहाण टाकलं जातंय म्हणून उभी राहिलेली ही शहरं, आणि आता त्यांनी स्वतःच्याच तटाआडच्या माणसांची मिळकत राजाकडून विकत घेतली. रॉयटलिंगेनचं शौर्य खरं आहे. हा हिशेबही खरा आहे, आणि तो त्याच लोकांच्या हस्ताक्षरात आहे. मी यातल्या कुठल्याही एका कागदावर थांबू शकत नाही.

त्याच वर्षी संघानं बर्न, झ्युरिक, सोलोथुर्न आणि त्सूग यांच्याशीही करार केला. दुसऱ्या वर्षी, ९ जुलै १३८६ ला, झेम्पाखला स्विस लोक ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याशी लढले तेव्हा श्वाबियन शहरांनी मध्यस्थ पाठवले, सैन्य नाही. २३ ऑगस्ट १३८८ ला त्यांची पाळी आली. डॉफिंगेन गावातले शेतकरी गुरंढोरं आणि चीजवस्तू घेऊन तटबंद चर्चच्या आवारात शिरले होते आणि शहरांचं सैन्य त्या आवाराला वेढा घालून बसलं होतं. व्युर्टेमबेर्गचा काउंट एबरहार्ट घोडदळ घेऊन आला. त्याचा मुलगा उलरिख तिथं पडला, उल्मचा कॉन्राड बेसेररही पडला, आणि शहरं हरली. लगेच स्विसांची मदत आली असती तर काय झालं असतं, यावर मी फार विचार करत नाही. शेतकऱ्यांचं चर्च वेढून बसलेलं स्वातंत्र्याचं सैन्य मला जास्त बोचतं. पुढल्या मे महिन्यात एगरच्या शांतता-करारानं शहरांच्या अशा संघांना मनाई केली.

पराभवानंतर उल्मनं घर आवरायला घेतलं. १३९७च्या शपथपत्रानं नगरसभेत सतरा कारागीर-संघांचा वरचष्मा मान्य केला. नगराध्यक्षानं दरवर्षी सगळ्यांसमोर शपथ घ्यायची: श्रीमंत आणि गरीब दोघांसाठी सारखाच माणूस राहीन, सगळ्या समान, सामाईक आणि प्रामाणिक गोष्टींत, काहीही राखून न ठेवता. मग जमलेल्या नागरिकांनी हात वर करून त्याच्यापुढे शपथ घ्यायची. सम्राट पाचव्या कार्लनं १५४८ मध्ये कारागीर-संघांची सत्ता मोडली, पण उल्ममध्ये आजही जुलैतल्या एका सोमवारी महापौर हे शब्द उच्चारतात. स्ट्रासबुर्गमध्ये असं शपथपत्र १३३४ पासून होतं. दरवर्षी नव्यानं शपथ घ्यायची, यात मला खरी ताकद दिसते: हक्क एकदा मिळाला की संपलं, असं त्या लोकांनी धरलंच नव्हतं. हात वर करणाऱ्यांत गडीमाणसं नव्हती, हेही तितकंच खरं.

म्यूलहाउझनकडे वळलं तर १४६६ मध्ये काय घडलं ते आता सरळ दिसतं. चारही बाजूंना हाब्सबुर्गचा मुलूख, दहा शहरांच्या संघातल्या सोबत्यांकडून खात्रीची मदत नाही. जूनमध्ये शहरानं ज्युरा डोंगरांपलीकडच्या बर्न आणि सोलोथुर्नशी पंचवीस वर्षांचा करार केला. बर्नला मुलूख हवा होता, निमित्त मिळालं. १४६८च्या उन्हाळ्यात स्विस सैन्य शहराच्या मदतीला उतरलं आणि हाब्सबुर्गच्या ताब्यातल्या झुंडगाऊ भागातली गावं जाळत गेलं. मग हाब्सबुर्गच्याच वाल्ड्सहूट शहराला वेढा. ऑगस्टअखेर तह झाला: हाब्सबुर्गच्या झिगिसमुंडनं १०,००० गुल्डेन द्यायचे. त्याच्याकडे पैसे नव्हते. १४६९ मध्ये त्यानं आल्सासमधला आपला मुलूख बर्गंडीच्या चार्ल्सकडे ५०,००० गुल्डेनना गहाण टाकला. चार्ल्सचा कारभारी पेटर फॉन हागेनबाखनं दारूवर प्रत्येक मापाला एक फेनिग कर बसवला, लोक त्याला 'दुष्ट फेनिग' म्हणत. १४७४ मध्ये स्ट्रासबुर्ग, बाझेल, कोलमार आणि श्लेटश्टाट यांनी गहाण सोडवायला ८०,००० गुल्डेन उभे केले, ते बाझेलमध्ये ठेवले, आणि ड्यूकनं ते घ्यायला नकार दिला. मे महिन्यात हागेनबाखचं डोकं ब्रायझाखमध्ये उडालं. पुढं चार्ल्सच्या हारीच्या तीन लढाया: ग्रांसों, मुर्टेन, नान्सी. रकमा वाढत गेल्या, पण चक्कीवरच्या मजुरीचं काय झालं याचा त्या तहांशी काही संबंध उरला नव्हता. वैर पुकारण्याचा हक्कच १४९५ मध्ये वोर्म्सला कायमचा रद्द झाला आणि अशा तंट्यांसाठी साम्राज्याचं न्यायालय आलं.

म्यूलहाउझननं १५१५ मध्ये दहांचा संघ सोडला आणि सगळ्या स्विस राज्यांशी कायमची सोयरीक केली. त्याची रिकामी जागा १५२१ मध्ये लांडाऊनं घेतली. १५५०च्या दशकात नव्यानं बांधलेल्या नगरभवनाच्या दर्शनी भिंतीवर स्विस राज्यांची चिन्हं रंगवली गेली. पण तंटा शहराच्या आत सोडवता येत नाही, ही जुनी दुखरी जागा तशीच राहिली होती. १५८०च्या दशकात फिनिंगर नावाच्या नागरिक भावांचा एका लहानशा रानाच्या तुकड्यावरून नगरसभेशी वाद झाला. ते दाद मागायला थेट स्विस कॅथलिक राज्यांकडे गेले. शहर प्रोटेस्टंट झालेलं, त्यामुळे रानाचा तुकडा धर्माचा प्रश्न बनला. १५८६ मध्ये कॅथलिक राज्यांनी म्यूलहाउझनशी असलेला करार मोडला. शहरातल्या नागरिकांनी उठाव करून नगरसभा उलथवली, आणि १५८७च्या जूनमध्ये प्रोटेस्टंट मित्रराज्यांचं सैन्य तट चढून आत आलं, ते या वेळी शहराच्या शत्रूंवर नाही, शहराच्याच नागरिकांवर.